धोकादायक ठरवलेल्या आश्रयार्थ्याला सरळ परत का पाठवता येत नाही?

प्रश्न असा आहे: एखादा माणूस परक्या देशात आश्रय मागायला आला, तो सुरक्षेला धोका आहे असं खुद्द सरकारच म्हणतंय, तर त्याला विमानात बसवून परत का पाठवत नाहीत? न्यायालयं आणि मानवाधिकारवाले मध्ये का येतात? आणि उद्या त्यानेच चार जणांचा जीव घेतला तर जबाबदार कोण?

मी 22 वर्षं आश्रय-प्रकरणांत वकिली करते आहे, त्याआधी पाच वर्षं याच प्रकरणांत दुभाषी होते. उत्तराची सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करते, कारण खरा राग तिथे आहे आणि तो राग खोटा नाही.

19 डिसेंबर 2016 ला बर्लिनमधल्या ब्राइटशाइडप्लाट्झच्या नाताळ बाजारात एकाने ट्रक घुसवला. 12 जण गेले. ज्याच्याकडून ट्रक हिसकावला तो चालकही त्यात होता. एक जखमी पुढे 2021 मध्ये दगावला. हल्लेखोर अनीस आम्री ट्युनिशियाचा. त्याचा आश्रय-अर्ज त्याच वर्षी जूनमध्ये फेटाळला गेला होता. जर्मन पोलिसांच्या भाषेत तो ‘गेफेर्डर’ होता, म्हणजे ज्याच्याकडून घातपात होऊ शकतो असा नोंदवलेला इसम. थोडक्यात, प्रश्नात विचारलेला माणूस तंतोतंत हाच. मग त्याला पाठवलं का नाही? कोणत्या न्यायालयाने अडवलं?

कुणीच अडवलं नव्हतं. ट्युनिशियाने आधी ‘हा आमचा नव्हेच’ म्हणून कानांवर हात ठेवले होते. आम्री वेगवेगळ्या नावांनी वावरत होता, त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता, आणि ज्या देशात पाठवायचं त्या देशाने प्रवासाचा कागद दिल्याशिवाय कोणालाही तिथे उतरवता येत नाही. तो कागद जर्मनीत पोहोचला 21 डिसेंबरला. हल्ल्यानंतर दोन दिवसांनी.

ही तारीख मी नव्याने या कामात येणाऱ्या प्रत्येक वकिलाला सांगते. लोक भांडतात ते विमानतळावरच्या शेवटच्या दृश्यावर: काळा कोट घातलेला वकील, स्थगितीचा आदेश, रिकामं परतलेलं विमान. प्रकरण अडलेलं असतं त्याच्या कितीतरी आधी, कुठल्यातरी टेबलावरच्या फायलीत. 2024 च्या ऑगस्टमध्ये झोलिंगेनच्या शहर-उत्सवात तिघांना भोसकून मारणाऱ्या सीरियन तरुणाचंही तेच. युरोपातल्या तेव्हाच्या डब्लिन नियमांप्रमाणे (माणूस युरोपात आधी ज्या देशात शिरला, सहसा त्यानेच त्याचा अर्ज पाहायचा) त्याला 2023 मध्येच बल्गेरियाला पाठवायचं होतं. पथक न्यायला आलं तेव्हा तो वसतिगृहात सापडला नाही, पुन्हा कोणी फिरकलं नाही आणि सहा महिन्यांची मुदत उलटून गेली. हल्ल्यानंतर आठवड्याभरात सरकारने 28 अफगाण गुन्हेगारांना काबूलला नेणारं विमान सोडलं. त्या 28 जणांचा झोलिंगेनशी काडीचा संबंध नव्हता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता कायद्याकडे. तीन शब्द आधी वेगळे करून घेऊ, कारण टीव्हीवरच्या चर्चेत ते एकाच पातेल्यात शिजतात. आश्रयार्थी म्हणजे ज्याचा अर्ज अजून ठरायचा आहे. निर्वासित म्हणजे ज्याचा अर्ज मान्य झाला. आणि तिसरा तो, ज्याचा अर्ज फेटाळला गेला पण जो अजून देशातच आहे. आम्री तिसरा होता. तिघांचे हक्क वेगळे आहेत आणि तिघांना हलवण्याच्या वाटाही वेगळ्या.

1951 चा निर्वासितविषयक जिनिव्हा करार म्हणजे वाटेल त्याला घरात घ्यायला भाग पाडणारा दस्तऐवज, अशी समजूत आहे. तो न वाचताच केलेली. त्यातल्या कलम 1फ प्रमाणे युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे किंवा आश्रय मागण्यापूर्वी देशाबाहेर केलेला गंभीर, बिगर-राजकीय गुन्हा असल्याबद्दल सबळ कारणं असतील, तर त्या माणसाला निर्वासितच मानायचं नाही. कलम 33 चा पहिला भाग सांगतो की जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे निर्वासिताला परत ढकलायचं नाही. दुसरा भाग लगेच त्याला अपवाद जोडतो: यजमान देशाच्या सुरक्षेला धोका आहे असं मानायला रास्त कारणं असतील, किंवा विशेष गंभीर गुन्ह्यात अंतिम दोषसिद्धी होऊन तो समाजाला धोका ठरत असेल, तर त्याला हे संरक्षण मागता येत नाही. म्हणजे ‘धोकादायक माणसाला पाठवा’ ही मागणी करारात पहिल्या दिवसापासून आहे. करार लिहिणारे भाबडे नव्हते. महायुद्ध संपून सहा वर्षं झाली होती आणि निर्वासितांच्या लोंढ्यात कोण कोण मिसळलं होतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग अडतं कुठे? दुसऱ्या एका नियमापाशी, आणि त्याला अपवाद नाही. 1984 च्या छळविरोधी करारातलं कलम 3 आणि युरोपीय मानवाधिकार करारातलंही (योगायोगाने) कलम 3. जिथे छळ होण्याचा खरा धोका आहे तिथे कोणालाही पाठवायचं नाही. इथे ‘कोणालाही’ म्हणजे कोणालाही.

यावरचा मूळ निकाल चहल प्रकरणाचा. करमजीत सिंग चहल या शीख फुटीरतावाद्याला ब्रिटनला भारतात पाठवायचं होतं. ऑगस्ट 1990 पासून तो कोठडीत होता. 15 नोव्हेंबर 1996 ला स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने, 12 विरुद्ध 7 मतांनी सांगितलं की परत गेल्यावर छळाचा खरा धोका असेल, तर तो माणूस इथे किती धोकादायक आहे हे तराजूत टाकायचंच नाही. सात न्यायाधीश विरोधात होते हे विसरू नये. प्रश्न सोपा असता तर मतं अशी फाटली नसती. 2008 च्या सादी विरुद्ध इटली प्रकरणात ब्रिटन मुद्दाम मध्ये पडलं आणि निदान तराजू तरी मांडा म्हणून आग्रह धरला. या वेळी न्यायालय एकमताने नाही म्हणालं.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने थोडी वेगळी वाट काढली. 2002 च्या सुरेश प्रकरणात, श्रीलंकेतून आलेल्या आणि तमिळ वाघांसाठी निधी गोळा केल्याचा आरोप असलेल्या एका मान्यताप्राप्त निर्वासिताबद्दल, त्यांनी सांगितलं की छळाच्या तोंडी देणं सहसा घटनाबाह्यच ठरेल, पण अगदी अपवादात्मक परिस्थितीचं दार त्यांनी किलकिलं ठेवलं. त्या दारातून कोण, कधी जाऊ शकतं यावर तिथले वकील अजून वाद घालतात.

या नियमाची बाजू मी घेते, आणि ती दयेपोटी घेत नाही. माझ्या अशिलांतले काही मला मनापासून नावडते होते. मुद्दा असा की छळ बंदीला ‘चांगल्या माणसांसाठीच’ अशी अट लावली की बंदी उरतच नाही, कारण छळ करणारं प्रत्येक सरकार आपल्या कैद्याला धोकादायकच म्हणतं. शिवाय धोकादायक माणूस हद्दीबाहेर टाकला म्हणजे धोका नाहीसा झाला, ही तडीपारीची समजूत आहे. तडीपार गुंड शेजारच्या जिल्ह्यात जाऊन बसतो हे आपल्याला माहीत असतं. घातपाताचा कट रचणाऱ्याला तर जिल्ह्याच्या सीमा आणि देशाच्या सीमा सारख्याच. म्हणून आंतरराष्ट्रीय कायद्यात जुनं सूत्र आहे: मागणाऱ्या देशाच्या ताब्यात द्या, नाहीतर स्वतः खटला चालवा.

सरकारांनी यातून पळवाट शोधली ती हमीपत्रांची. जिथे पाठवायचं त्या सरकारकडून लिहून घ्यायचं की याला हात लावणार नाही. यातली सर्वांत वाईट गोष्ट स्वीडनची आहे. 18 डिसेंबर 2001 च्या रात्री स्टॉकहोमच्या ब्रोम्मा विमानतळावरून अहमद अगिझा आणि मुहम्मद अल झरी या दोन इजिप्शियन आश्रयार्थ्यांना अमेरिकी विमानातून कैरोला नेलं. विमानतळावरच्या खोलीत मुखवटे घातलेल्या अमेरिकी माणसांनी त्यांचे कपडे कापून काढले, साखळ्या घातल्या. हमीपत्र फायलीत होतं. 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने ठरवलं की अगिझाला पाठवून स्वीडनने करार मोडला, हमीपत्राने त्याचं रक्षण झालं नाही. पुढे स्वीडनला दोघांना भरपाई द्यावी लागली. आपला मानवाधिकारांचा लौकिक मिरवणाऱ्या देशाला हे जड गेलं असणार.

पण हमी नेहमीच फोल असते असंही नाही. अबू कतादाचं प्रकरण मला या साऱ्या वादाचा सर्वांत चांगला धडा वाटतं. ओमर उथमान हे त्याचं खरं नाव, जॉर्डनचा धर्मोपदेशक. 1993 मध्ये ब्रिटनमध्ये आला, 1994 मध्ये त्याला निर्वासित दर्जा मिळाला. त्याची प्रवचनं, त्याचे संबंध यावरून तो ब्रिटनच्या सुरक्षेला धोका ठरला. जॉर्डनमध्ये त्याच्या गैरहजेरीत दोन खटल्यांत शिक्षा झालेली होती. ब्रिटनने 2005 मध्ये जॉर्डनकडून लेखी हमी घेतली. 17 जानेवारी 2012 ला स्ट्रासबर्गने निकाल दिला: हमी पुरेशी आहे, त्याचा छळ होणार नाही, पण त्याच्यावरच्या फेरखटल्यात सहआरोपींकडून छळ करून काढलेले जबाब वापरले जातील, म्हणून पाठवता येणार नाही.

वर्तमानपत्रांनी आकांडतांडव केलं. त्या गडबडीत एक मजा झाली, जी आमच्या धंद्यातले लोक अजून चवीने सांगतात. निकालावर दाद मागायची मुदत तीन महिने. गृहखात्याने हिशेब केला की मुदत 16 एप्रिलच्या मध्यरात्री संपली, आणि 17 ला त्याला अटक करून हद्दपारीची घोषणा केली. त्याच्या वकिलांनी 17 च्या रात्री अर्ज टाकला. तीन महिने मोजायचे कसे, यावर लंडन आणि स्ट्रासबर्ग दोन्हीकडे खल झाला. न्यायालयाने अर्ज वेळेत असल्याचं मान्य केलं आणि मग तो फेटाळला! एका दिवसाच्या मोजणीत सगळ्यांची शोभा झाली.

खरं काम त्यानंतर झालं, आणि त्याची बातमी लहान छापली गेली. तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांच्या खात्याने जॉर्डनशी रीतसर करार केला, छळातून मिळालेला पुरावा वापरण्याविरुद्ध त्यात हमी घेतली, दोन्ही संसदांची मंजुरी घेतली. 7 जुलै 2013 ला तो विमानात बसला. आणि 2014 मध्ये जॉर्डनच्याच न्यायालयाने त्याला आधी जूनमध्ये एका आणि मग सप्टेंबरमध्ये दुसऱ्या खटल्यात निर्दोष सोडलं. ज्या जबाबांवर पहिल्या शिक्षा उभ्या होत्या ते बाजूला केल्यावर उरलेला पुरावा पुरला नाही. म्हणजे स्ट्रासबर्गने ज्या एका मुद्द्यावर अडवलं होतं, तोच नेमका खटल्याचा कणा होता. तो ब्रिटनला धोका होता का, हा प्रश्न याने सुटत नाही. तिथल्या न्यायाधिकरणाने होता असंच म्हटलं आहे, आणि मला त्यावर वाद घालायचा नाही.

आता मूळ प्रश्नातल्या त्या शब्दाकडे येते ज्याच्यावरून लोक चटकन पुढे सरकतात. ‘सरकारच म्हणतंय’. सरकार म्हणजे कोण, आणि कशावरून म्हणतं?

सरकार आपला गुप्त पुरावा ज्यात मांडतं ती बंद सुनावणी कशी असते ते सांगते. सकाळी दहाला आम्ही उभे राहतो. सरकारी वकील खुल्या कागदांवर बोलतात. तासाभरात ते संपतं, कारण खुल्या कागदांत फारसं काही नसतं. मग न्यायाधीश म्हणतात, आता बंद भाग घेऊ. मी फाइल उचलते, माझा अशील उठतो, दुभाषी उठतो आणि आम्ही बाहेरच्या बाकावर जाऊन बसतो. आत आमच्या बाजूने बोलायला एक विशेष वकील असतात. सुरक्षा-परवानगी असलेले, सरकारने नेमलेले. गुप्त कागद एकदा त्यांच्या डोळ्यांखालून गेले की त्यांनी परवानगीशिवाय माझ्याशी किंवा अशिलाशी प्रकरणाबद्दल बोलायचं नाही. दुपारी कॉफीच्या यंत्रापाशी गाठ पडली तर आम्ही हवेबद्दल बोलतो. एकदा अशिलाने मला बाकावर विचारलं, ‘आत ते माझ्याबद्दल कोणत्या दिवसाचं बोलत असतील? दिवस कळला तर मी कुठे होतो ते तरी सांगेन.’ मला सांगता आलं नाही. मलाही तो दिवस ठाऊक नव्हता. निकाल आला तो नऊ पानांचा, आणि नवव्या पानावर एक ओळ: उर्वरित कारणं बंद निकालपत्रात दिली आहेत.

ही पद्धत चहल निकालातूनच निघाली, हे गंमतीचं आहे. त्याआधी ब्रिटनमध्ये तीन सदस्यांचं सल्लागार मंडळ बंद दाराआड मत द्यायचं आणि ते सरकारवर बंधनकारकही नव्हतं. 1997 च्या कायद्याने विशेष न्यायाधिकरण आणि विशेष वकील आले. सुधारणाच म्हणायची. पण त्यातले एक नामवंत वकील इयन मॅकडोनल्ड यांनी 2004 मध्ये राजीनामा दिला, कारण खटला न भरता परदेशी नागरिकांना बेमुदत डांबणाऱ्या कायद्याला आपण शोभा आणतो आहोत असं त्यांना वाटू लागलं. आणि 2006 मध्ये असं उघड झालं की दोन वेगळ्या प्रकरणांत एकाच बनावट पासपोर्टबद्दल सरकारने एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी गुप्त पुराव्यात सांगितल्या होत्या. लक्षात कसं आलं? दोन्ही प्रकरणांत योगायोगाने विशेष वकील एकच होता. वेगळे असते तर दोन्ही गोष्टी दोन खोल्यांत खऱ्या ठरल्या असत्या. 2009 मध्ये स्ट्रासबर्गने किमान मर्यादा घालून दिली: आरोपाचा निदान इतका गाभा सांगा की माणूस आपल्या विशेष वकिलाला काहीतरी सूचना देऊ शकेल. कॅनडातही 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शार्कावी प्रकरणात सुरक्षा-प्रमाणपत्राची (परदेशी माणूस धोका आहे असं सरकार ज्यात जाहीर करतं तो कागद) जुनी पद्धत घटनाबाह्य ठरवली. मग तिथेही विशेष वकील आले. पुढे न्यायालयाने पुरावा उघड करायला सांगितल्यावर सरकारने तो मागेच घेतला आणि त्या माणसाचं प्रमाणपत्र कोसळलं.

‘धोका’ या शब्दात काय काय मावतं तेही पाहा. अमेरिकेच्या कायद्यात दहशतवादी संघटनेला ‘भौतिक मदत’ केलेल्याला आश्रय नाही. ऐकायला रास्त. 2018 मध्ये तिथल्या स्थलांतर अपील मंडळाने एल साल्वादोरच्या एका बाईचं प्रकरण ठरवलं. 1990 मध्ये बंडखोरांनी तिला पळवून नेलं होतं आणि धाक दाखवून स्वयंपाक, झाडलोट, कपडे धुणं करायला लावलं होतं. मंडळाच्या बहुमताने ठरवलं की ही भौतिक मदत आहे, जबरदस्तीने केली तरीही आणि कितीही किरकोळ असली तरीही.

माझ्या दुभाषेपणाच्या दिवसांतला एक शब्द मला अजून छळतो. युद्धग्रस्त भागातून आलेला विशीचा मुलगा. रात्री बंदूकधारी घरात आले, तेव्हा काय केलंस? त्याने जो शब्द वापरला त्याचा अर्थ आपल्याकडच्या ‘सांभाळून घेतलं’ याच्या अगदी जवळचा होता: वाद न घालता, जेवूखाऊ घालून वाटेला लावलं. त्या दिवशी दुभाषी मी नव्हते. नोंद माझ्याकडे नंतर तपासायला आली. नोंदीत होतं: ‘त्यांना आधार दिला.’ तीन शब्दांवरून तो संशयितांच्या रकान्यात गेला आणि बाहेर निघायला अडीच वर्षं लागली. कोणी खोटं बोललं नव्हतं, कोणाचा वाईट हेतू नव्हता. मुलाखत संध्याकाळी सहाला होती आणि सगळे दमलेले होते.

म्हणजे यंत्रणा फक्त निरपराध्यांनाच पकडते का? तसं म्हटलं तर मीच खोटी ठरेन. न्यूझीलंडने चुका दोन्ही बाजूंनी केल्या आहेत.

पहिली चूक अहमद झावी यांच्या बाबतीत. अल्जीरियातले धर्मशास्त्राचे प्राध्यापक, 1991 च्या निवडणुकीत इस्लामिक साल्व्हेशन फ्रंटतर्फे निवडून आलेले. लष्कराने ती निवडणूक उधळली. डिसेंबर 2002 मध्ये त्यांनी ऑकलंड विमानतळावर आश्रय मागितला. मार्च 2003 मध्ये गुप्तचर खात्याने ते धोका असल्याचं प्रमाणपत्र दिलं. ऑगस्टमध्ये निर्वासित अपील प्राधिकरणाने बेल्जियम आणि फ्रान्समधले त्यांच्याविरुद्धचे निकाल बारकाईने तपासले, ते विसंबण्याजोगे नाहीत असं ठरवलं आणि त्यांना निर्वासित मान्य केलं. तरी प्रमाणपत्र कायम. सुमारे दोन वर्षं कोठडीत, त्यात कित्येक महिने एकांतात. डिसेंबर 2004 मध्ये जामिनावर सुटून ते डॉमिनिकन ख्रिस्ती साधूंच्या मठात राहायला गेले. सप्टेंबर 2007 मध्ये खात्याने प्रमाणपत्र मागे घेतलं. 2014 मध्ये ते न्यूझीलंडचे नागरिक झाले.

दुसरी चूक उलट्या दिशेची. श्रीलंकेचा एक तरुण 2011 मध्ये विद्यार्थी म्हणून आला, 2013 मध्ये निर्वासित ठरला. 2016 पासून पोलिसांची नजर त्याच्यावर होती. अर्जातली माहिती बनावट असल्याचं 2018 मध्ये उघड झालं, 2019 मध्ये दर्जा रद्द झाला. त्याने अपील केलं. पण त्याच्यावर फौजदारी खटले चालू होते, ते संपेपर्यंत अपील थांबलं. हल्ल्याची नुसती तयारी हा तिथल्या दहशतवादविरोधी कायद्यात गुन्हाच नव्हता. 2020 मध्ये न्यायाधीशांनी तसं सांगून ही फट संसदेने बुजवायची आहे असं नोंदवलं. 2021 च्या जुलैमध्ये तो सुटला. त्याला ‘संरक्षित व्यक्ती’, म्हणजे छळाच्या धोक्यामुळे परत पाठवता न येणारा माणूस, मानावं लागेल, त्यामुळे हद्दपारीसाठी डांबता येणार नाही, असा कायदेशीर सल्ला सरकारला मिळाला होता. 3 सप्टेंबर 2021 ला ऑकलंडच्या एका सुपरमार्केटमध्ये त्याने शेल्फवरचा सुरा उचलून लोकांना भोसकायला सुरुवात केली. पोलीस त्याच्या मागावरच होते, त्यांनी थोड्याच वेळात त्याला गोळ्या घातल्या. तयारीला गुन्हा ठरवणारा कायदा त्याच महिन्याच्या शेवटी मंजूर झाला.

हे दुसरं प्रकरण माझ्या बाजूचे लोक टाळतात. मी टाळत नाही, कारण त्यात मला हद्दपारीपेक्षा फौजदारी कायद्यातली फट मोठी दिसते. तयारीचा गुन्हा आधीच कायद्यात असता, तर तो विमानात नसता पण तुरुंगात असता. शिवाय अपील दोन वर्षं ताटकळत ठेवण्यात कोणाचंच भलं नव्हतं. आमच्या बाजूचे वकीलही तारखा मागतात, हे मी कबूल करते. मी स्वतः मागितल्या आहेत.

पाठवता येत नाही तर नुसतं डांबून ठेवा, हा पुढचा सल्ला. ब्रिटनने 2001 च्या कायद्याने ते करून पाहिलं. परदेशी संशयितांना बेलमार्श तुरुंगात खटल्याविना ठेवलं. स्वतःहून मायदेशी जायचं असेल तर मात्र मोकळे, म्हणून त्याला तीन भिंतींचा तुरुंग म्हणायचे. 16 डिसेंबर 2004 ला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचं काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने आठ विरुद्ध एक मताने ते मोडीत काढलं. त्यांचा तर्क साधा होता: तितकाच धोकादायक ब्रिटिश नागरिक मोकळा फिरू शकतो, मग धोका आडवा येतोय की पासपोर्ट? ऑस्ट्रेलियाला हेच उमगायला 2023 उजाडलं. 8 नोव्हेंबरला तिथल्या उच्चतम न्यायालयाने आपलाच 2004 चा निकाल फिरवला आणि जिथे पाठवण्याची खरी शक्यताच नाही तिथे बेमुदत कोठडी बेकायदा ठरवली. ज्याच्या अर्जावर हे झालं तो कुठल्याच देशाचा नागरिक नव्हता आणि गंभीर लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगलेला होता. शंभराहून जास्त लोक सोडावे लागले, लोक खवळले, आणि 2025 मध्ये सरकारने त्यांना नाउरू या छोट्या बेट-देशात धाडण्याचा करार केला. पुन्हा तडीपारीच.

संपूर्ण समूहावर शिक्का मारण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे सुक्याबरोबर ओलं जळतं हे उघड आहे. केनियाने 2016 मध्ये दहशतवादी हल्ल्यांचं कारण देत दादाबची प्रचंड निर्वासित-छावणी बंद करायचं ठरवलं. फेब्रुवारी 2017 मध्ये तिथल्याच उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. स्ट्रासबर्गच्या न्यायाधीशांना ‘परके’ म्हणून झटकणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. तो नैरोबीत लिहिलेला आहे.

वाद थंडावलेला नाही. मे 2025 मध्ये डेन्मार्क आणि इटलीच्या पुढाकाराने नऊ युरोपीय देशांनी खुलं पत्र लिहून तक्रार केली की स्ट्रासबर्गमुळे गुन्हेगार परदेशीयांना घालवणं अवघड झालंय. त्यातला एक भाग मला पटतो: कुटुंबजीवनाच्या हक्कावरून अडलेल्या हद्दपारीत राष्ट्रीय न्यायालयांना जास्त मोकळीक द्यायला हरकत नाही. तो हक्क मुळात मर्यादा घालता येणारा आहे. छळाच्या प्रश्नात मात्र ती मोकळीक मी देणार नाही. ही दोन प्रकरणं एका पत्रात बांधली की वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात.

माझ्या हातात असतं तर मी पैसा आणि माणसं प्रवासाच्या कागदांवर लावली असती: अर्ज येताच, तो फेटाळला जायची वाट न पाहता, त्या माणसाची ओळख पक्की करायची. गुन्हा असेल तिथे हद्दपारी बाजूला ठेवून आधी खटला. सुरक्षेच्या अपिलांना न्यायालयात पहिला नंबर आणि ठरलेली मुदत, आमच्या तारखांसह सगळ्यांवर बंधनकारक. आणि बंद पुराव्याचा गाभा प्रत्येकाला, निदान तो दिवस तरी.

एवढं करूनही काही माणसं उरतात. पाठवलं तर छळ, खटला भरावा तर न्यायालयात दाखवण्याजोगा पुरावा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. प्रश्न विचारणाऱ्याला मी प्रामाणिकपणे सांगते की यांच्यासाठी माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. पाळत, हजेरी, फोनवर बंधनं, ठरलेल्या वेळी घरी. हे महाग आहे, अपमानास्पद आहे, आणि मोडतंही. असा एक अशील माझ्याकडे आहे. अकरा वर्षं रोज सकाळी नऊच्या आत तो पोलीस ठाण्यात सही करतो. ठाण्यातले तीन अधिकारी बदलून गेले. तो धोकादायक आहे का, मला माहीत नाही; त्याची बंद फाइल मी कधीच पाहिलेली नाही. पुढची तारीख मार्चमध्ये आहे.